रुग्णालयात मोबाईल काढावा की नाही? तक्रार करणाऱ्या नातेवाइकांसाठी कायदा, सोप्या भाषेत

रात्रीचे अडीच वाजले होते. आईच्या शेजारच्या खाटेवरच्या बाबांचं सलाईन संपलं होतं आणि नळीत रक्त उलटं चढायला लागलं होतं. त्यांचा मुलगा दोनदा सिस्टरच्या टेबलापर्यंत जाऊन आला; तिथे कोणीच नव्हतं. तिसऱ्या खेपेला सिस्टर भेटल्या, तेव्हा त्याने मोबाईल वर धरला आणि "बघा, इथे हे असं चालतं" म्हणत सबंध वॉर्डावरून फिरवला. त्याची तक्रार खरी होती. मी तिथेच बसून सगळं पाहिलं होतं. पण दोन दिवसांनी तो व्हिडिओ आमच्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, आणि त्यात सिस्टरच्या मागे माझी आई दिसत होती. वॉर्डातल्या मावशी तिचे कपडे बदलत होत्या.

चूक कोणाची, हे मला त्या दिवशी ठरवता येईना. आजही त्या मुलावर मला पूर्ण राग धरता येत नाही. पण कायदा काय म्हणतो, हे तेव्हापासून मी शोधत गेलो.

प्रश्न माझ्या एकट्याचा नाही. 2025 च्या जूनमध्ये गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आरोग्यमंत्र्यांनी ड्युटीवरच्या डॉक्टरला कॅमेऱ्यासमोर झापलं. तो व्हिडिओ सगळीकडे पसरला, डॉक्टर आंदोलनावर उतरले आणि रुग्णालयातल्या चित्रीकरणाला आळा घालण्याची मागणी पुढे आली. दुसऱ्या बाजूला, मोबाईल काढला नसता तर आपलं कोणी ऐकलंच नसतं, असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक गावात भेटतात. मग कायद्याने नक्की मुभा कुठपर्यंत आहे?

आधी मूळ मुद्दा: गुन्हा नाही म्हणजे हक्क आहे, असं नव्हे

रुग्णाने किंवा नातेवाइकाने रुग्णालयात चित्रीकरण करू नये, असं सरसकट सांगणारा कायदा भारतात नाही. करण्याचा हक्क देणारा कायदाही नाही. भिंतीवर "चित्रीकरण केल्यास कायदेशीर कारवाई" अशी पाटी असते, पण तिच्याखाली बहुधा कलम लिहिलेलं नसतं, ते यामुळेच.

देवळाचं उदाहरण घ्या. गाभाऱ्यात फोटो काढला म्हणून कोणी तुरुंगात जात नाही. पण देवस्थानाने नियम केला असेल, तर पुजारी तुम्हाला थांबवू शकतो आणि नाही ऐकलंत तर बाहेर जायला सांगू शकतो. रुग्णालयाचं तसंच आहे. जागा ज्यांच्या ताब्यात आहे ते नियम करू शकतात, चित्रीकरण बंद करायला सांगू शकतात, नातेवाइकाला वॉर्डाबाहेर काढू शकतात. तो नियम मोडणं हा आपोआप गुन्हा होत नाही. मात्र चित्रीकरण करता करता तुम्ही दुसरं काही केलंत, तर त्या दुसऱ्या गोष्टीचा गुन्हा होतो. सगळी गंमत, किंवा खरं तर सगळा धोका, या "दुसऱ्या गोष्टी"त आहे.

फ्रेममध्ये कोण आहे, यावर सगळं ठरतं

तुमच्या स्वतःच्या जखमेचा, तुमच्या हातावरच्या सुजेचा, तुमच्या खाटेखालच्या घाणीचा फोटो काढलात, तर त्यात दुसऱ्या कोणाची खासगी बाब नाही. तुमच्या रुग्णाचाही काढता येतो, पण तो शुद्धीवर असेल तर त्याला विचारून. हे आपण सहज विसरतो. वडील आपले असले तरी त्यांचं उघडं अंग त्यांचंच असतं.

शेजारची खाट आली की प्रश्न बदलतो. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. माणूस कुठल्या वॉर्डात, कुठल्या आजारासाठी पडून आहे, यापेक्षा खासगी बाब कोणती असणार? आणि काही ठिकाणी हे फक्त तत्त्वावर सोडलेलं नाही, थेट शिक्षाच आहे. कोणाच्याही खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय टिपणं किंवा पसरवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66ई खाली गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कपडे बदलणाऱ्या स्त्रीचं चित्रीकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 मध्ये येऊ शकतं. ड्रेसिंग, कॅथेटर बदलणं, प्रसूती कक्ष, स्पंजिंग: वॉर्डात असे क्षण दिवसभर चालूच असतात, आणि रागाने फिरवलेल्या मोबाईलला ते वगळता येत नाहीत. मानसोपचाराच्या ठिकाणी उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातच मनाई आहे. लैंगिक अत्याचारग्रस्तांची ओळख उघड करणं तर वेगळा, गंभीर गुन्हा आहे.

डॉक्टर म्हणतात, "माझं रेकॉर्डिंग करायचं नाही." मग?

समोरासमोर बोलणं चाललेलं आहे आणि त्या बोलण्यात तुम्ही स्वतः एक पक्ष आहात, तेव्हा ते रेकॉर्ड करायला समोरच्याची परवानगी लागतेच, असा कायदा आपल्याकडे नाही. दोन तिऱ्हाइतांचं बोलणं चोरून ऐकणं वेगळं.

यावरचा जुना आणि गाजलेला निकाल वैद्यकीय क्षेत्रातूनच आलेला आहे. 1964 साली मुंबईत एका शुश्रूषागृहात अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावला. मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने अनुकूल अहवाल देण्यासाठी डॉक्टरकडेच लाच मागितली. लाचलुचपत खात्याने डॉक्टरच्या संमतीने टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडून ते बोलणं टिपलं. मलकानी खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये ते रेकॉर्डिंग पुरावा म्हणून मान्य केलं. अटी साध्या होत्या: बोलणं प्रकरणाशी संबंधित हवं, आवाज कोणाचा ते ओळखता यायला हवं, आणि टेपमध्ये काटछाट झालेली नसावी. तिथे रेकॉर्डिंगने तारलं ते डॉक्टरला. म्हणून हा विषय "रुग्ण विरुद्ध डॉक्टर" असा मांडणं मला पटत नाही. प्रामाणिक डॉक्टरलाही रेकॉर्डिंगचा आधार होतो.

पण एक भेद लक्षात ठेवा. पुरावा म्हणून चालणं ही एक गोष्ट, आणि डॉक्टरने कॅमेऱ्यासमोर बोलायला बांधील असणं ही दुसरी. ते "आधी मोबाईल ठेवा, मग बोलू" म्हणू शकतात. तातडीच्या उपचारांना मात्र ही अट घालता येत नाही. उघडपणे विचारलेलं नेहमी चांगलं: "डॉक्टर, घरी सगळ्यांना नीट सांगता यावं म्हणून तुमचं बोलणं रेकॉर्ड करू का?" बरेच डॉक्टर हो म्हणतात. नाही म्हणाले, तर त्यांच्यासमोरच वहीत लिहून घ्या. शांतपणे वही उघडणाऱ्या नातेवाइकाशी डॉक्टर जपून आणि नीट बोलतात, हा माझा अनुभव आहे.

"मी मारहाण केली नाही, नुसता व्हिडिओ काढला"

डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांना आवर घालण्यासाठी महाराष्ट्राने 2010 मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यात "हिंसा" या शब्दाचा अर्थ आपण समजतो त्यापेक्षा मोठा आहे. दुखापत तर आलीच, पण काम करणाऱ्याला धाकदपटशा दाखवणं आणि कामात अडथळा आणणंही त्यात येतं. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन आपोआप मिळत नाही.

दोन पावलं मागे उभं राहून गुपचूप टिपणं आणि रुग्णाचं हृदय पुन्हा सुरू व्हावं म्हणून त्याची छाती दाबणाऱ्या निवासी डॉक्टरच्या तोंडासमोर मोबाईल नाचवत "तुला बघून घेतो, व्हायरल करतो" म्हणणं, यात फरक आहे, आणि तो फरक तुम्हाला अजामीनपात्र गुन्ह्यापर्यंत नेऊ शकतो. रुग्ण अत्यवस्थ असताना डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मान्य. म्हणूनच जो कमी चिडलेला आहे त्या नातेवाइकाच्या हातात मोबाईल द्यावा.

"सरकारी रुग्णालय तर जनतेचं आहे"

आहे. पण सिव्हिलचा वॉर्ड म्हणजे एसटी स्टँड नव्हे. तिथे पडलेले लोक तिथे हौसेने आलेले नाहीत. बाह्यरुग्ण विभागातली रांग, बंद पडलेली लिफ्ट, कुलूप लावलेला औषध काउंटर, यांचं चित्रीकरण आणि महिला वॉर्डातलं चित्रीकरण एका मापाने मोजता येत नाही.

एक भीती मात्र मनातून काढून टाका. सरकारी इमारतीत व्हिडिओ काढला की शासकीय गुपिते अधिनियम लागतो, असं कधीकधी दरडावलं जातं. 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलीस ठाण्यातल्या चित्रीकरणाबद्दलच सांगितलं की पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं "प्रतिबंधित ठिकाण" नाही, आणि गुन्हा रद्द केला. पोलीस ठाणं प्रतिबंधित नाही, तिथे जिल्हा रुग्णालयाचा व्हरांडा कसा असेल?

कोणी उघडपणे लाच मागत असेल, तर ते रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकू नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या 1064 या क्रमांकावर कळवा. बळजबरीने लाच द्यावी लागली असेल, तरी 7 दिवसांच्या आत कळवणाऱ्याला कायदा गुन्हेगार धरत नाही.

मोबाईल हिसकावला, व्हिडिओ पुसायला लावला तर?

सुरक्षारक्षकाला तुमचा मोबाईल जप्त करण्याचा, तो उघडून बघण्याचा किंवा त्यातलं काही पुसण्याचा अधिकार नाही. दुसऱ्याच्या यंत्रातली माहिती मालकाच्या परवानगीशिवाय पुसणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 मध्ये बसतं, आणि त्यासाठी नुकसानभरपाई मागता येते. पोलीस मात्र तपासासाठी मोबाईल जप्त करू शकतात. ते केलं तर जप्तीची यादी आणि तिची प्रत मागा. नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने, झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करण्याची जबाबदारी पोलिसांवरच टाकली आहे.

"व्हायरल केल्याशिवाय कोणी हलत नाही"

हा आक्षेप सगळ्यात खरा आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. तक्रारपेटीतल्या चिठ्ठ्या वर्षानुवर्षं पडून राहतात आणि एका व्हिडिओने अधीक्षक धावत येतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. लोक व्हिडिओकडे वळतात, याचा दोष आधी न ऐकणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

पण व्हायरल झाल्यावर पुढे काय होतं, तेही पाहू. पहिलं, तक्रारीचा विषय बदलतो. सलाईन का संपलं, हा प्रश्न मागे पडतो आणि व्हिडिओ का काढला, हा पुढे येतो. दुसरं, बदनामीचा फौजदारी दावा होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये त्याला 2 वर्षांपर्यंत कैद आहे. "हिने मारलं" असं चेहऱ्यावर लिहून टाकलेलं वाक्य नंतर सिद्ध करावं लागतं. तिसरं, ज्या सिस्टरचा चेहरा फिरतो, तिच्याकडे त्या रात्री किती रुग्ण होते, हे व्हिडिओत दिसत नाही. शिव्या तिला पडतात. रिकाम्या जागांवर माणसं न भरणारा मात्र कुठेच दिसत नाही.

आणि चौथं, पुरावा कच्चा होतो. मोबाईल, संगणक अशा यंत्रांतून आलेला पुरावा आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली तपासला जातो. त्यासोबत प्रमाणपत्र लागतं: एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचं "हॅश" लिहायचं असतं. हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा. पंचनाम्यात मुद्देमालाच्या पुडक्यावर लाखेचं सील लावतात ना, तसं समजा. आत एक ठिपका जरी बदलला तरी सील जुळत नाही. व्हॉट्सॲपवरून गेलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, त्याचा आकडा बदलतो आणि मूळ तारीख-वेळही हरवते. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालना विधानसभा निवडणुकीच्या वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात, सांगितलं की प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं तर गोष्ट वेगळी. निकाल तेव्हाच्या जुन्या कायद्यावरचा आहे, पण धडा तोच: मूळ फाइल मूळ मोबाईलमध्ये जपा, तिची छाटणी करू नका, वर गाणी आणि बाण टाकू नका. मोबाईल विकायचा असेल तरी थांबा.

कॅमेरा कागदाकडे वळवा

इतकं वाचल्यावर वाटेल की मी मोबाईल खिशातच ठेवायला सांगतोय. तसं नाही. मी तो दुसरीकडे वळवायला सांगतोय.

वैद्यकीय निष्काळजीपणाचं प्रकरण शेवटी कागदावर ठरतं. किती वाजता दाखल केलं, रक्तदाब किती होता, कोणतं इंजेक्शन कधी दिलं, वरिष्ठ डॉक्टर कधी येऊन गेले. हे सगळं केसपेपरवर असतं, आणि त्या कागदांवर तुमचा हक्क आहे, पक्का, लिहिलेला. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या नातेवाइकाने मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि आंतररुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने तर 1996 मध्येच सांगितलं होतं की रुग्णाला त्याचे कागद देण्यास रुग्णालय नकार देऊ शकत नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही हा हक्क आहे. महाराष्ट्रात 2021 मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले गेले. खासगी रुग्णालयाने रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं आता बंधनकारक आहे. ती सनद जिथे लावलेली असते, किंवा जिथे असायला हवी पण नसते, त्या भिंतीचा फोटो नक्की काढा.

"पण कागद तेच लिहितात, नंतर बदलतील," असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणूनच मोबाईल. आपल्या रुग्णाच्या केसपेपरचा, औषधांच्या चार्टचा, प्रत्येक चिठ्ठीचा आणि बिलाचा रोजच्या रोज फोटो घ्या. सिस्टरला विचारून घ्या, लपून नको. संपलेल्या सलाईनच्या बाटलीवरचं लेबल, औषधाच्या खोक्यावरचा बॅच क्रमांक, मॉनिटरवरचा आकडा आणि बाजूचं घड्याळ, रिकामं टेबल. यात कोणाचा चेहरा नाही, कोणाचं अंग नाही. नंतर पानं बदलली, तर तुमच्या फोटोतलं पान आणि त्यांच्या प्रतीतलं पान शेजारी ठेवता येतं. ओरडणाऱ्या व्हिडिओपेक्षा ही दोन पानं वकिलाच्या जास्त कामाची.

वॉर्डातल्या आणि व्हरांड्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. तुम्ही टिपू शकला नाहीत ते त्यात असू शकतं, म्हणून त्याच दिवशी तारीख आणि वेळ देऊन ते जपून ठेवण्याची लेखी मागणी करा. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही जोडीला द्या. आणि रुग्ण दगावला असेल व कारणाबद्दल शंका असेल, तर अंत्यसंस्काराआधी शवविच्छेदनाची मागणी करायची असते. दुःखाच्या त्या घडीला हे सुचत नाही, पण नंतर कोणताही व्हिडिओ ती उणीव भरून काढत नाही.

तक्रार कुठे न्यायची

आधी रुग्णालयाचा तक्रार निवारण कक्ष किंवा अधीक्षक. खासगी रुग्णालय दाद देत नसेल, तर नोंदणी देणारं कार्यालय. महापालिका हद्दीत ते महापालिकेचा आरोग्य विभाग. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषद. पैसे देऊन घेतलेल्या उपचारात कसूर झाली असेल, तर ग्राहक आयोग. मुदत 2 वर्षं. फौजदारी बाजू अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार साधी चूक पुरत नाही, ढोबळ निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. तिथेही पुन्हा कागदच तपासले जातात.

शेजारच्या खाटेवरचे बाबा बरे होऊन घरी गेले. त्यांच्या मुलाला मी नंतर फोन केला. आईचं सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग त्याने स्वतः प्रत्येक ग्रुपवर जाऊन तो व्हिडिओ काढायला सांगितलं. तक्रार त्याला सोडायची नव्हती आणि मलाही ती सोडलेली नको होती. आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला, साक्षीदार म्हणून खाली मी सही केली. मजकूर एवढाच होता. ज्याला लागेल त्याने उतरवून घ्यावा:

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस. माझे वडील आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होते. त्यांच्या संमतीने मी त्यांच्या सर्व वैद्यकीय नोंदींच्या प्रती मागत आहे: केसपेपर, नर्सिंग नोंदी, औषधांचा चार्ट, तपासण्यांचे अहवाल, संमतिपत्रे व बिले. 2002 च्या नियमांनुसार त्या 72 तासांत मिळाव्यात. तसेच अमुक तारखेच्या रात्री 2 ते 3 या वेळेतील वॉर्डाचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. प्रतींचा वाजवी खर्च देण्यास मी तयार आहे."

दोन प्रती काढल्या. एक आवक विभागात दिली, दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घेतली. आणि त्या पोचेचा तिथल्या तिथे फोटो काढला.